अण्णांचा भोंगा

आमच्या गल्लीत रात्री दोन वाजता भोंगा वाजला तर कोणी उठून बसत नाही. लोक कूस बदलतात, ‘अण्णांचं काहीतरी चाललंय’ म्हणतात आणि पुन्हा घोरायला लागतात. चोरांसाठी याहून सोयीची गल्ली अख्ख्या पुण्यात नसेल. पण ही माहिती त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही, कारण ते अजून आलेले नाहीत.

अण्णांना तुम्हीही ओळखता. तुमच्याकडे ते काका असतील, मामा असतील, कदाचित सासरे असतील. घरात काही बिघडलं की बाकीची माणसं फोन शोधतात, हे स्टूल शोधतात. शर्टाच्या खिशात इतरांचं पेन असतं तिथे यांचा टेस्टर असतो. मेकॅनिकबद्दल त्यांचं एक ठाम मत असतं: तो बिघडलेलं दुरुस्त करतो आणि जाताना चांगलं असलेलं बिघडवून जातो, म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं येतं. आणि कुठल्याही कामाच्या आरंभी त्यांच्या तोंडून एकच मंत्र निघतो, “यात काय आहे?”

आमचे अण्णा एका सहकारी बँकेत हिशेब तपासनीस होते. विजेशी त्यांचा संबंध बिल भरण्यापुरता. पण तपासनिसाला जगात अवघड असं काही वाटत नाही, फक्त कागद पुरे हवेत. “करंट म्हणजे शेवटी काय रे? जमा आणि नावे. जेवढा गेला तेवढा परत आला पाहिजे. नाही आला तर मध्ये कोणीतरी खाल्ला.” इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हेच शिकवायला बराच वेळ घेतात.

अलार्मचं खूळ डोक्यात शिरलं ते एका मे महिन्यात. मागच्या गल्लीतलं एक बंद घर फुटलं. मालक मंडळी कोकणात आंबे खात होती आणि इकडे कपाट मोकळं झालं. गल्लीत सभा झाली, एका कंपनीचा टाय लावलेला मुलगा येऊन प्रत्येकाच्या घराचं माप घेऊन गेला आणि दोन दिवसांनी कोटेशन आलं. अण्णांनी ते सवयीने लाल पेन घेऊन वाचलं. पॅनेल ठीक, सेन्सर ठीक, बॅटरी ठीक. सगळ्यात खाली ‘बसवणावळ’ म्हणून जी रक्कम होती तिथे लाल पेन थबकलं. “चार वायरी जोडायचे एवढे? यात काय आहे?”

काकू स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी कणकेचा हात तसाच ठेवून देवाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा तपकीर गल्लीत. ज्यांना पुण्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, बुधवार पेठेतल्या या बोळात विजेवर चालणारी कुठलीही वस्तू, तिचा सुटा भाग आणि त्या सुट्या भागाचा स्क्रू मिळतो. अण्णांसारख्यांचं हे तीर्थक्षेत्र. तिथे खरेदीचाही त्यांचा नियम ठरलेला: सगळा माल एका दुकानातून घ्यायचा नाही, नाहीतर दुकानदार डोक्यावर बसतो. त्यामुळे पॅनेल एकाचं, सेन्सर दुसऱ्याचे, हूटर तिसऱ्याचा आला. पॅनेलच्या खोक्यात माहितीपुस्तिका निघाली ती भलत्याच मॉडेलची, बटणं आठ आणि चित्रात बारा. इंग्रजी असं की वाक्य संपेपर्यंत कर्त्याचं काय झालं ते कळू नये. अण्णांनी ती भिंग घेऊन तीनदा वाचली, समासात शेरे मारले आणि शेवटच्या पानावर ‘पाहिले’ लिहून सही केली.

बॅटरी मात्र विकत आणली नाही. जुन्या यूपीएसमधली घरात होती. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता अशा माणसाच्या हाताखाली काम करणं म्हणजे काय, हे स्टूल धरलेल्यालाच माहीत. आमच्या गल्लीत तो मान माझा. स्टुलाचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठ्याची घडी, वर अण्णा. “पकड दे. ही नव्हे रे, नाकवाली. हां. आता टॉर्च मार. माझ्या डोळ्यांत नको, भोकात मार. धरलंयस ना? सोडलंस?” भिंतीला नुकताच रंग दिलेला, तेव्हा काकूंची अट होती की जमिनीवर भुकटीचा कण पडता कामा नये. म्हणून मी एका हाताने स्टूल धरायचं आणि दुसऱ्या हाताने वर्तमानपत्राचा कोन ड्रिलखाली धरायचा. निम्मी भुकटी कोनात पडे, उरलेली माझ्या कॉलरमधून आत.

वायर चार पदरी आणलेली होती, लाल, काळी, पिवळी, हिरवी. हॉलपर्यंत सगळं रंगानुसार झालं. मागच्या दारापाशी वायर संपली. बंद केलेल्या लँडलाइनची जुनी तार माळ्यावर होती, ती काढली. तिचे रंग वेगळे. अण्णा वरून म्हणाले, “पांढरी म्हणजे लाल आणि निळी म्हणजे काळी, लक्षात ठेव.” मी मान डोलावली. काही महिन्यांनी मध्यरात्री त्यांनी मला फोन करून विचारलं, “अरे, पांढरी म्हणजे काय ठरलं होतं आपलं?”

दारावर जो सेन्सर बसतो तो फार साधा आणि फार सुरेख असतो, हे मला अण्णांमुळे कळलं. चौकटीवरच्या डबीत काचेची बारीक नळी, तिच्यात दोन पातळ पत्त्या. दारावर एक लोहचुंबक. दार मिटलेलं असलं की चुंबकाच्या ओढीने पत्त्या एकमेकींना टेकतात आणि करंट वाहत राहतो. दार उघडलं, चुंबक लांब गेला की पत्त्या सुटतात, वाट तुटते, पॅनेल बोंब मारतं. म्हणजे चोराने वायर कापली तरी वाट तुटणारच. “पण त्याने दोन तारा एकमेकींना पिळून जोडल्या तर?” मी विचारलं. अण्णांचे डोळे चमकले. त्यासाठी वायरीच्या अगदी शेवटी, सेन्सरच्या डबीत, एक छोटा रेझिस्टर जोडायचा असतो. पॅनेल तो आकडा सतत मोजत असतं. आकडा शून्य झाला तरी बोंब, अनंत झाला तरी बोंब. पुष्कळ लोक कंटाळा करून तो रेझिस्टर पॅनेलमध्येच खुपसतात. तसं केलं की मधल्या वायरीत काय चाललंय ते कळतच नाही. अण्णांनी मात्र प्रत्येक डबीत, स्टुलावर चढून, भिंग लावून तो जोडला. “सही शेवटच्या व्हाउचरवर लागते. कव्हरवर सही करून काय उपयोग?”

त्यांची खरी प्रीती मात्र हॉलच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या डोळ्यावर, पीआयआर सेन्सरवर. तो काही सोडत नाही, फक्त बघतो. माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता समोरच्या रेघारेघांच्या प्लास्टिकमधून आत येते. त्या रेघांमुळे खोलीचे पट्टे पडतात आणि ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकली की त्याला समजतं. म्हणून तो आडव्या चालणाऱ्याला चटकन पकडतो, सरळ अंगावर येणाऱ्याला जरा उशिरा. वीज दिल्यावर त्याला भानावर यायला मिनिटभर लागतं. हे वाक्य पुस्तिकेत होतं, पण भलत्या मॉडेलच्या पुस्तिकेवर अण्णांचा विश्वास उडालेला. त्यांनी तीस सेकंदांत सेन्सर मृत घोषित केला, दुकानदाराचा उद्धार केला, झाकण काढायला हात वर नेला आणि त्याच क्षणी त्याने लाल डोळा उघडला. स्टूल मी धरलेलं होतं म्हणून बरं.

खोक्यावर लिहिलं होतं की पंचवीस किलोपर्यंतच्या प्राण्यांकडे हा दुर्लक्ष करतो. लेखी विधान तपासल्याशिवाय मान्य करणं अण्णांच्या स्वभावात नाही. आधी शेजारचं मांजर आणलं. ते सोफ्यावर झोपलं. मग सुट्टीला आलेला नातू रांगवला. सेन्सर गप्प. मग, चोर रांगत आला तर काय, हा प्रश्न उपस्थित झाला. त्या दिवशी सकाळी भांडी घासणाऱ्या मावशी दारातून आत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: अण्णा बनियन-लेंग्यात हॉलमध्ये पोटावर सरपटतायत, काकू खुर्चीत बसून “आता लागला, आता विझला” असं सेन्सरच्या दिव्याकडे बघून सांगतायत आणि मी वहीत टिपून घेतोय. मावशी म्हणाल्या, “मी नंतर येते.”

ही वही म्हणजे अण्णांचा जीव. विमा कंपनीची जुनी डायरी, वर ठळक अक्षरांत ‘अलार्म नोंदवही’. रकाने चार: तारीख-वेळ, झोन, कारण, कार्यवाही. त्यातली काही पानं मी वाचली आहेत; झोन ५ म्हणजे हॉलमधला तो पांढरा डोळा.

‘रात्री १.४०. झोन ५. कारण: पाल (सेन्सरवर बसली). कार्यवाही: हाकलली.’

‘रात्री २.१५. झोन ५. कारण: तीच पाल. कार्यवाही: हाकलली. परत येईल असे वाटते.’

‘दुपारी ४.००. झोन ५. कारण: पश्चिमेचे ऊन पडद्यावर, वर पंखा, पडदा हलतो. कार्यवाही: सौ.ना पडदा बांधण्यास सांगितले. सौ.नी नकार दिला. सेन्सर हलवला.’

‘सायं. ७.३०. झोन ५. कारण: गौरी. कार्यवाही: नाही.’

शेवटच्या नोंदीचा खुलासा करायला हवा. गौरी नेमक्या त्या कोपऱ्यात बसतात, पुढे दोन समया. ज्योत हलती, हवा गरम, सेन्सरला खोलीत कोणीतरी सतत वावरतंय असं दिसतं. त्यात घाईत झोन बंद करायचा राहिला. आरती ऐन रंगात, टाळ, झांजा, घंटा, आणि त्यात हूटर मिसळला. तो वाजतोय हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. आरतीनंतर आवाज थांबेना तेव्हा एका पाहुण्याने “वा, यंदा शंख छान लागलाय” असं म्हटलं.

हूटरबद्दल बोलायलाच हवं. तो एकशे दहा डेसिबलच्या वरचा. समोरच्या वकीलसाहेबांनी एकदा गच्चीतून अण्णांना ध्वनिप्रदूषण नियम, २००० ऐकवले. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा, मर्यादा ४५ डेसिबल. अण्णा म्हणाले, “बरोबर आहे. नियमाची एक प्रत द्या, चोर आला की त्याला दाखवतो.” पण मनाला लागलं असावं. दुसऱ्या दिवशी हूटर वाजण्याची मुदत पाच मिनिटांवरून दीड मिनिटावर आली आणि वकीलसाहेबांकडे काकूंच्या हातची पुरणपोळी गेली.

बाहेरच्या हूटरला स्वतःची छोटी बॅटरी असते. चोराने वायर कापली तरी तो बोंबलत राहावा म्हणून. पॅनेलच्या झाकणाखालीही एक गुपचूप बटण असतं, झाकण उघडलं की अलार्म. दोन्ही गोष्टी चोरासाठी योजलेल्या, पण चोर आणि दुरुस्ती करणारा यांच्यात यंत्राला फरक कसा कळावा? एका रात्री पॅनेल अडकलं. कोड घेईना. अण्णांनी शांतपणे झाकण उघडलं, दुसरा अलार्म सुरू झाला. मग मेन स्विच पाडला, आतली बॅटरी काढली, दिवे गेले, पॅनेल मेलं, हूटर चालूच. मग शिडी, मग पकड, मग हूटरची वायर कापली. आवाज तसूभरही कमी झाला नाही. खाली पायजमे आणि गाऊन घातलेली गल्ली कानांवर हात ठेवून उभी, आणि शिडीवरून अण्णा अभिमानाने ओरडतायत, “बघितलंत? वायर कापली तरी वाजतो! पक्का माल आहे!”

चोराची भीती अण्णांना कधीच नव्हती, हे मला त्या रात्री कळलं. चोर हे निमित्त. आपण जोडलेली वायर कुठून निघाली, कुठे वळली आणि का बोलत नाही, हे शोधण्यातला आनंद त्यांना हवा होता. बँकेतून निवृत्त झाल्यावर न जुळणारा ताळेबंद त्यांना घरात दुसरा कुठून मिळणार?

मुलगा बंगळुरूला असतो. तो म्हणतो, “बाबा, वाय-फायवाला कॅमेरा लावू, मोबाइलवर दिसेल, स्टुलावर चढू नका.” अण्णा ऐकून घेतात. मग मला सांगतात, “वायर म्हणजे व्हाउचर. बोट ठेवून शेवटपर्यंत जाता येतं. याचा सगळा व्यवहार हवेत.” तरी त्यांनी एक आधुनिक गोष्ट केली. पॅनेलमध्ये सिम कार्ड घातलं. अलार्म झाला की यंत्र यादीतल्या पाच नंबरांना ओळीने फोन लावतं आणि कोणीतरी उचलेपर्यंत थांबत नाही. दुसरा नंबर माझा. पहिला अण्णांचा, पण ते त्या वेळी स्टुलावर असतात, त्यामुळे व्यवहारात पहिला माझाच. त्या सिमचा रिचार्ज करताना ते दर वेळी संतापतात. त्यांचा वाद पैशांशी नसतो. “अठ्ठावीस दिवसांचा महिना कोणत्या हिशेबात बसतो? वर्षाला तेरा महिने झाले की नाही?”

घराबाहेर पडण्याचा विधी बघण्यासारखा. कोड दाबल्यावर पंचेचाळीस सेकंदांत सगळ्यांनी बाहेर पडून दार लावायचं. लग्नाला निघालेलं कुटुंब दारात चपला घालून रांगेत उभं राहतं. अण्णा आत, बोट बटणावर. “गॅस?” “बंद.” “मागची कडी?” “लावली.” “आहेराचं पाकीट?” “पर्समध्ये.” मग बटण. पॅनेल पिपी करायला लागतं, अण्णा लेंगा सावरत पळत येतात, दार लागतं, पिपी थांबते आणि त्या शांततेत काकू म्हणतात, “अहो, चष्मा राहिला.” परत येतानाची मुदत तीस सेकंदांची. त्यात कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, कोड आठवायचा. अण्णा कोड दर महिन्याला बदलतात, बँकेची शिस्त. काकूंच्या तो लक्षात राहत नाही, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या हिशेबात तो मिसळून लिहायला सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात दूधवाला म्हणाला, “वहिनी, एक तारखेला चार हजार सातशे बावीस लिटर दूध मी कधी घातलं?”

काकूंना भोळ्या समजू नका. मागच्या दाराने मावशी सकाळी सहाला येतात आणि अण्णा साताला उठून अलार्म बंद करतात. या एका तासावरून घरात रोज वाद. एके दिवशी वाद थांबला. मावशी सहाला येतात, दार उघडतं, अलार्म वाजत नाही. अण्णांनी मीटर लावून तपासलं, झोन तीन उत्तम. पुस्तिका चाळली. दोन रात्री झोप नाही. शेवटी चौकटीवर हात फिरवताना सापडलं. अण्णांच्या उरलेल्या सामानातून काकूंनी एक सुटा लोहचुंबक घेतला होता आणि डबीच्या वर, तोरणाच्या मागे, चिकटपट्टीने लावून टाकला होता. दार उघडलं काय, मिटलं काय, पत्त्या टेकलेल्याच. बँकेतल्या एखाद्या कारकुनाने हे केलं असतं तर अण्णांनी त्याची चौकशी लावली असती. त्या दिवशीची नोंद मी जशीच्या तशी देतो: ‘झोन ३. सौ.नी बायपास केला. पद्धत उत्कृष्ट. कार्यवाही: सकाळी ६ ला मीच उठणार.’

पावसाळ्यात लाकडी दारं फुगतात, नीट मिटत नाहीत, चुंबक आणि डबी यांच्यात अंतर राहतं. आषाढात अण्णांच्या हातात टेस्टरच्या जोडीला सुताराचा रंधा असतो. पण त्यांच्या कीर्तीला खरी झळ बसली ती नागपुरात. मेहुण्याकडे हौसेने सगळं बसवून दिलं, जानेवारीत. थंडीत सेन्सर पान हललं तरी ओरडायचा. मे महिन्यात मेहुण्याचा फोन आला: घर बंद करून गावाला गेलो होतो, परत आलो, कोड न दाबता अख्ख्या घरात फिरलो, सेन्सर ढिम्म. अण्णांनी रात्रभर विचार केला. सकाळी उत्तर सापडलं. बंद घर, कूलर बंद, बाहेर पंचेचाळीस अंश. भिंत आणि माणूस सारखेच तापलेले. फरकच उरला नाही तर तो पांढरा डोळा बघणार काय? मेहुणा म्हणाला, “म्हणजे उन्हाळ्यात चोर आला तर?” अण्णा म्हणाले, “मे महिन्यात दुपारी नागपुरात कोण बाहेर पडतं हो?” आणि फोन ठेवून गुपचूप दारांसाठी चार जास्तीचे चुंबकी सेन्सर कुरिअर केले.

त्यांना इतिहासाचीही गोडी. कोणी अलार्मला नावं ठेवली की ते १८५३ वर जातात. “एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ना? त्याच वर्षी जूनमध्ये तिकडे अमेरिकेत ऑगस्टस पोप नावाच्या माणसाने पहिल्या विजेच्या अलार्मचं पेटंट घेतलं. घरांत दिवे नव्हते तेव्हा! बॅटरीवर घंटा!” पुढे १८५७ मध्ये एडविन होम्सने ते हक्क विकत घेऊन धंदा वाढवला, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज पडतो. बसवणावळ तिथूनच सुरू झाली असावी, असा त्यांचा संशय आहे.

आता त्या बॅटरीकडे येतो. एका हिवाळ्यात भोंगा दर गुरुवारी वाजायला लागला. झोन कधी दोन, कधी पाच, कधी सगळे. काकू म्हणाल्या, गुरुवार दत्ताचा, कोणीतरी काहीतरी बोलून फेडलं नसेल. अण्णांनी एकेक झोन सोडवून बघितला, वायरी हलवून बघितल्या, पाल निर्दोष ठरली. मग त्यांनी बँकेत करायचे तेच केलं. नोंदवही घेऊन बसले आणि वेळा खाली खाली मांडल्या. दर वेळी सकाळी साडेदहा ते अकराच्या मध्ये. “गुरुवारी साडेदहाला काय होतं?” काकू म्हणाल्या, “काय व्हायचंय? दुरुस्तीसाठी लाइट जाते.”

अण्णा उठलेच. बॅटरीला मीटर लावला. बारा पॉइंट सहा व्होल्ट. ठणठणीत. माझा चेहरा पडला, त्यांचा पडला नाही. त्यांनी गाडीचा जुना बल्ब आणून बॅटरीला जोडला आणि मीटर माझ्या हातात दिला. आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरला: अकरा, दहा, साडेनऊ. बल्ब पिवळा पडला. लाइट गेली की पॅनेल या बॅटरीवर यायचं, व्होल्टेज कोसळायचं, सेन्सर अर्धवट शुद्धीत बरळायचे. अण्णांनी बल्ब सोडवला. आकडा पुन्हा सावकाश बारावर गेला. “बघ,” ते म्हणाले, “पुस्तकात शिल्लक आहे, तिजोरीत नाही. अशा कितीतरी संस्था मी बघितल्यात.” इतक्या समाधानाने हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं आहे. त्याच दुपारी तपकीर गल्लीतून नवी बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बॅटरी आली, बिल नोंदवहीला टाचलं गेलं.

खऱ्या चोरीची नोंद त्या वहीत एकही नाही. खरी म्हणावी अशी नोंद आहे ती झोन सातची. तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात, मुलं परदेशात. अण्णांनी त्यांना लाल बटणाचा एक छोटा रिमोट दिला, गळ्यात अडकवायला. “काही झालं, पडलात, घाबरलात, दाबा.” एका दुपारी तो वाजला. अण्णा पकड घेऊन, मी अनवाणी, काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. आजी दारातच उभ्या होत्या. गॅसचा रेग्युलेटर फिरत नव्हता. मला राग आला होता. अण्णांनी रेग्युलेटर बसवला, शेगडी पेटवून दाखवली, चहा प्याले आणि निघताना म्हणाले, “आजी, पुढच्या वेळीही असंच दाबायचं. संकोच करायचा नाही.” वहीत लिहिलं: ‘झोन ७. कारण: रेग्युलेटर. यंत्रणा समाधानकारक.’ नंतर ते बटण लोणच्याच्या बरणीच्या झाकणासाठीही वाजलं, आणि एकदा पहाटे छातीत दुखलं म्हणूनही. त्या पहाटे रिक्षा मिळेपर्यंत आजींचा हात अण्णांच्या हातात होता. ती नोंद फक्त एका ओळीची आहे: ‘झोन ७. दवाखाना. परत आल्या.’

हे मी लिहितोय असं कळल्यावर अण्णांनी एकच निरोप दिला आहे, तो वाचकांपर्यंत पोचवतो. अशी सीलबंद बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. तुमच्या घरात अलार्म असेल तर बॅटरीवर बसवल्याची तारीख पक्क्या शाईने लिहून ठेवा आणि वर्षातून एकदा लोड टाकून तपासा. नुसता मीटर लावून समाधान मानू नका. कशी तपासायची ते कळत नसेल तर ते स्वतः येतील. पैसे घेत नाहीत. फक्त स्टूल तुमचं आणि ते धरणारा माणूसही तुमचा.